मुनारा क्रमांक एकेचाळीस

चुन्याचं घमेलं मौजी बेठेकरच्या डोक्यावर,
जीपीएस माझ्या गळ्यात.
चाळीस मुनारे झाले घळीपासून इथवर,
दगडावर दगड, वर चुना, चुन्यावर काळा आकडा.
याच्या पलीकडे आता कुऱ्हाड नाही, गुरं नाहीत,
रस्ता नाही, रस्त्याची स्वप्नं विकणारा ठेकेदार नाही.

मला हे मनापासून हवं होतं.
परतवाड्याच्या आरागिरणीमागे वाढले मी;
भुश्शाच्या ढिगावर खेळून घरी गेले
की आई दारातच थांबवायची,
केसांतून अख्खं जंगल झटकायची.

नकाशात या डोंगराला नाव नाही, नुसती उंची आहे.
मौजी म्हणाला, ही अस्वलीची पाठ.
आणि ती पुढची धार?
"ते तंबाखू खायाची जागा."
मी हसले. तो हसला नाही.
"दम लागते न बाई चढून. सारेच थांबते तिथी.
माहा बापही थांबे."

दुपारी रानपिंगळा दिसला.
भर उन्हात, वठलेल्या सागाच्या शेंड्यावर,
शेपटी इकडून तिकडे झटकत.
मी प्रशिक्षणात ऐकलेलं सांगितलं:
हा पक्षी, मौजीभाऊ,
शंभरावर वर्षं कागदावर मेलेला होता.
त्यानं घमेलं खाली ठेवलं, नीट पाहिलं वर.
"त्याले कोनी सांगतलं होतं का?"

एकेचाळीसावा बिंदू मोहाखाली आला.
यंत्र तीन मीटर इकडेतिकडे करतं,
तरी मोहाखालीच.
तिथे आधीच खांब होते,
सागाचे, कमरेएवढे, उन्हापावसानं राखाडी झालेले.
सूर्य कोरलेला, चंद्र कोरलेला,
घोड्यावर बसलेला कोणीतरी,
घोड्याचे पाय वाळवीनं खाल्लेले.
मेलेल्या माणसांचे मुंडे.
मी मोजले. सवय आहे. सतरा.

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे:
मानवी वावर, आहे किंवा नाही.
पेन झटकलं. शाई होती.

मौजीनं दगड रचले, मुंड्यांपासून हातभर लांब,
कोणाच्या पायावर पाय पडू नये असे.
चुना लावला. बोटं गवताला पुसली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
सुगंतीचा मुंडा राह्यला, चार वर्सं झाले.
लाकूड सागाचंच लागते.
माले जंगल बंद पायजेच, बाई,
त्या ट्रकवाल्यांनी आमची सावली नेली.
पन एक लाकूड. हातभर.

माझ्या पिशवीत पंचनाम्याचं बुक होतं.
नियम मला पाठ आहेत, पोटनियमही.
म्हटलं, उभ्या झाडाला हात लावता येत नाही.
म्हटलं, एखादं आपोआप पडलं, वाऱ्यानं,
तर बघू.
त्यानं मान हलवली, जशी आकडा सांगितल्यावर हलवतो,
आणि बेचाळीससाठी घमेलं उचललं.

आता रात्री चौकीच्या पत्र्यावर वारा सुटला
की मी उठून बसते.
कंदील लावत नाही.
वर कुठेतरी फांद्या घासतात,
भेकर एकदा ओरडतं, गप्प होतं.
तक्ता उशाशी, तो रकाना कोराच.
मी कान देऊन बसते,
राखायला नेमलेली मी,
एक साग पडल्याचा आवाज येतो का
म्हणून.