नवा पाळक

बारा पानं लिहिली होती.
उत्तम मेंढपाळ हा विषय.
‘मेंढपाळ पुढे चालतो’ इथे आवाज चढवायचा,
तेही समासात लाल शाईनं.

चढवला.
वरचा पंखा त्याहून मोठ्यानं करकरला.
सातव्या पानावर शांतवनदादांनी
मनगटावरच्या घड्याळाला किल्ली दिली.

उपासनेनंतर दाराशी मार्थाबाई समुद्रे थांबल्या.
“पाळकसाहेब, धनगर बघितलाय का चालताना?
आमच्या बावड्याच्या रस्त्याला या एकदा.
म्होरं कुत्रं असतंय.
त्यो मागं, लंगड्या मेंढीसंगं.”

मी हसलो. झग्याच्या बाह्यांना
अजून दुकानाची घडी होती.

त्याच रात्री फोन. सीपीआरचं बाकडं.
शांतवनदादांची सून आत,
ते बाहेर, एका पायात चप्पल, एक पाय उघडा.
मला एकही वचन आठवेना.
कुणीतरी आणलेला चहा
एकाच कपातून आळीपाळीनं प्यालो आम्ही.

गंगावेशीत म्हशी कट्ट्यावर यायची वेळ झाली
तेव्हा ते म्हणाले, “करा आता प्रार्थना.”

“हे पित्या,” मी म्हणालो,
आणि घसा तिथंच बसला.

पुढचं त्यांनी म्हटलं,
एकेक शब्द थांबून,
मला गाठता येईल
अशा चालीनं.