कुठल्या वयाचे हवेत?

गोचानं विचारलं, 'कुठल्या वयाचे हवेत वडील?'
शिंपी विचारतो ना, बाही अर्धी की पूर्ण,
तसं.
शेडमध्ये काळे दगड भिंतीला टेकून उभे,
अर्ध्याअधिकांवर चेहरे उमटलेले:
एक पैलवान, एक दातांची डॉक्टर,
मोटरसायकलसकट एक पोरगा.
सगळे आमच्याकडे बघत होते
नव्या भाडेकरूंकडे बघावं तसे.

चाळिसावा होऊन गेला होता. बर्फही वितळलं.
माती बसल्याशिवाय दगड बसवत नाहीत;
माती बसली होती.

आई म्हणाली, 'गेला तेव्हा एकाहत्तरचा होता.'
'ते तारखांत येतंच, मावशी.
चेहरा तुम्ही निवडायचा.'

बुटांच्या खोक्यातून फोटो आणले होते.
चाळीस वर्षं बाबांनी चियातुरात रोपवे चालवला,
खाणीतली माणसं वर, खाणीतली माणसं खाली,
आणि स्वतःचे फोटो मोजून अकरा.
पासपोर्टचा: त्यात ते गुन्हेगार दिसतात.
माझ्या लग्नातला: त्यात डोळे मिटलेले.
'डोळे मी उघडून देईन,' गोचा म्हणाला,
'त्याचा दर वेगळा.'
एकात सूट होता,
पण तो सूट कुणाचा, हे आईला आठवेना.

'कोट चढवून देतो. लोक मागतात.
एकीनं नवऱ्याला नौदलाचा गणवेश मागितला.
समुद्र पाहिला नव्हता त्यानं कधी.'
आईनं तोंडाला रुमाल लावला.
हसू होतं ते.

मग तिनं खोक्याच्या तळाचा कागद उचलला
आणि त्याखालचा एक काढला. बारावा.
बाबा बत्तीसचे, केबिनच्या दारात,
तेलकट स्वेटर, तोंड उघडं टाकून हसताहेत,
उजवा हात कुणाच्या तरी खांद्यावर.
माणूस नाही.
कात्रीनं कापलाय,
फक्त बोटांशी येऊन कात्री वळलीय,
इतकी जपून, की कापणाऱ्यानं
दातांत धरलेली जीभ दिसावी.
बोटांखाली चौकड्यांच्या शर्टाचा
नखाएवढा तुकडा राहिलाय.

मी विचारलं, 'कोण?'
आई गोचाला म्हणाली, 'हा घे.'

आमच्या घरात एक नाव निघालं
की बाबा उठून गॅस बघून यायचे.
गॅस बंदच असायचा.
ओतिया काका.
द्राक्षवेलींच्या तीन रांगा,
जमिनीत पुरलेला वाइनचा एक रांजण,
आणि सव्वीस वर्षं.

गोचानं भिंग लावलं.
'हात खाली घेतो. किंवा खिशात घालतो.
नाहीतर हवेत राहील. लोक विचारतील.'
आई छताकडे बघत राहिली,
दुधाचा हिशेब करताना बघते तशी.
'राहू दे हात.'
'आणि हा खांदा?'
'खांदा नको. तिथं दगडच असू दे.'

'शेजारी तुमचाही आत्ताच कोरून ठेवू?
दोन एकदम केले की स्वस्त पडतं.'
'बत्तीसच्या माणसाशेजारी ही म्हातारी?
लोकांना त्याची आई वाटेल.
नुसतं नाव घाल. नाझिब्रोला.
पुढे जागा सोड.'

नावानंतर किती जागा, याचं त्यानं माप घेतलं,
चार आकड्यांपुरतं, बोटांनी.

मग टेबल. लोखंडी की दगडी?
ईस्टरला जेवायला जाल, वाइन सांडेल,
दगडी बरं, पुसता येतं.
'आणि बाक किती जणांचा?'
मी मनात मोजलं: आई, मी, लेवान.
नवरा ग्रीसमध्ये, त्याला धरायचं नाही.
तोंड उघडणार, तोवर आई म्हणाली,
'चौघांचा.'

मी तिच्याकडे बघितलं.
ती पर्समधल्या नोटा
थुंकी लावून मोजत होती,
एक नोट परत आत ठेवत होती
आणि गोचाला ठणकावून सांगत होती,
'या फोटोत डोळे उघडेच आहेत.
त्याचे पैसे कसले?'