जडवस्तू नोंदवही

पान एकोणतीस, अनुक्रमांक एकशे बारा :
टॅब, काळे, नग बारा.
वरची ओळ माझ्या जन्माआधीची :
घंटा, पितळी, नग एक.
ती अजून वाजते.

मी सही केली
आणि त्या क्षणापासून ते बारा माझे झाले,
म्हणजे हरवले तर माझ्या पगारातून.

गाबीतवाडीची शाळा, पट एकवीस, शिक्षक दोन.
त्यातली मुख्याध्यापिका मी,
हातात झाडू नसेल तेव्हा.
दुसरे घाडी गुरुजी. त्यांनी खोका बघितला
आणि खडू मुठीत घट्ट धरला.
"दोन वर्षां रवली माझी, बाई.
माका ह्येच्यात ओढू नकात."

ओढलं नाही. फक्त वाऱ्याचा नकाशा उघडून
त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पोषण आहार बघायला गेले.
परत आले तर चष्मा कपाळावर, नाक काचेला.
"ह्यो वारो खोटो. खरो उद्या येतलो."
आला उद्याच.
तेव्हापासून रोज प्रार्थनेआधी गुरुजी टॅब उघडतात,
तो कसा चुकला ते त्याला सांगायला.

समितीचे अध्यक्ष बाबल कुबल बैठकीत उभेच राहिले.
"पोरां घराक मोबाईल सोडनत नाय, आता शाळेतय?"
मी म्हटलं, तुमच्या बोटीवरचा जीपीएस काढा,
मग बोलू.
हसले नाहीत. चार दिवसांनी
बोटीवरची जुनी बॅटरी पोराच्या डोक्यावरून पाठवली.
वीज गेली की आता त्यावर चालतं,
वर्गाला थोडा डिझेलचा वास येतो.

खाऱ्या हवेनं पहिल्याच महिन्यात
तिघांच्या चार्जिंगच्या भोकात हिरवं धरलं.
उरलेले नऊ मी रात्री तांदळाच्या पिंपात पुरायला लागले.
तपासणीला साहेब आले, पिंप वजनावर चढवलं,
तांदूळ साडेचार किलो जास्त भरला.
इतक्या वर्षांत शाळेत काही जास्त भरल्याचं
त्यांनी पहिल्यांदाच लिहून घेतलं असेल.

केंद्रप्रमुखांचा फोन : फोटो पाठवा, मुलं हसरी हवीत.
नेटवर्क सड्यावर. करवंदीच्या जाळीपाशी
कातळाला भेग आहे, तिथे उभं राहिलं तर दोन दांड्या.
चढले, पाठवला.
पुन्हा फोन : हसत का नाहीत?
साहेब, ती वाचत होती.

मग एकदा बोलून लिहायचं शिकवलं.
रोहन तारी ओरडला, "गे आये, बांगडो इलो!"
टॅबनं लिहिलं : गेले आहे बांगला दिलो.
वर्ग लोळला. गुरुजी म्हणाले,
"बघलात? ह्येका मालवणी येणा नाय,
आणि हो आमका शिकवतलो."
मला उत्तर सुचलं नाही, अजून नाही.

त्या हसण्यात मनसरा घर्ती नव्हती.
कलमांच्या बागेतल्या गुरख्याची मुलगी,
सात महिन्यांत माझ्याशी तीन शब्द,
त्यातले दोन 'हो बाई'.
ती टॅब घेऊन दाराआड गेली,
भाषांची यादी खाली खाली सरकवत राहिली,
आणि काचेला ओठ लावून काहीतरी म्हणाली.
अक्षरं उमटली. आपलीच अक्षरं :
आमा घर जानुभयो.

गुरुजींनी मोठ्यानं वाचलं. थांबले.
"आमा म्हणजे आये," ते म्हणाले. "आये घराक गेली."
कोणी हसलं नाही.
खडू घेऊन त्यांनी फळ्यावर
आये, आई, आमा लिहिलं
आणि तास संपेपर्यंत पुसलं नाही.

सुटी झाल्यावर तिला घेऊन सड्यावर गेले.
नंबर तिला पाठ होता.
ती माझ्या फोनशी बराच वेळ बोलली,
मला कळलं फक्त 'आँप', तेही बागेकडे हात केला म्हणून.
दोन दांड्या. एक दांडी. गेलं.
एक टिक.

नोंदवही खाली टेबलावर उघडीच होती,
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद,
चालू, नादुरुस्त, एवढंच मावेल असा.
आम्ही दोघी कातळावर करवंदं खात बसलो
दुसऱ्या टिकची वाट बघत.