नान्नजच्या माळावर

पहाटे साडेचारला महानंदा दुर्बीण पुसते,
माझ्याच बनियनने.
मी कडक भाकरी, शेंगाचटणी बांधतो
आणि काठी घेतो.
काठी ती परत दाराआड ठेवते.

माळावर गवत मांडीएवढं.
हललेली प्रत्येक काडी मला लांडग्याचा कान.
"हलू नकोस," ती कुजबुजते.
बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेली माझी,
एवढी शांतता
अंगावर घ्यायची सवय नाही.

मग तो आला.
मळकट, हडकुळा, चादरीच्या कारखान्यातल्या
रात्रपाळीवरून सुटल्यासारखा.
आमच्याकडे बघितलं
आणि आधी तोच वळला.

येताना स्कूटर तिनेच चालवली.
मी मागून म्हटलं, रविवारी पुन्हा येऊ.
गुडघे अजून थरथरत होते;
रस्ता खराब होता,
खपून गेलं.