कानोसा

नोकरीचं पत्र आलं तसे सगळे सांगू लागले
नैरोबीत खोली कशी बघायची.
पाण्याची टाकी बघ. दाराची कडी बघ.
वोईहून मामा फोनवर ओरडला,
भाडं बघ गं, बाकीचं सगळं त्यात येतं.

मी कान तपासणारी बाई.
माणसांना काचेच्या खोलीत बसवते,
डोक्यावर हेडफोन चढवते, म्हणते,
ऐकू आलं की बोट वर करा.
याखेरीज मला धड काही येत नाही.
म्हणून तीन शनिवार
मी त्या शहराचा कानोसा घेत हिंडले.

किलेलेश्वा.
पांढरी इमारत, लिफ्टमध्ये आरसा.
एजंट मुटिसो आवाज खाली आणून म्हणाला,
इथे अगदी शांत आहे, मॅडम.
होतंच.
कुंपणाच्या तारेतली वीज तेवढी टिकटिकत होती,
कुणी आत येऊ नये म्हणून जागी.
एक कुत्रा एकदाच भुंकला
आणि चूक झाल्यासारखा गप्प बसला.
आमच्या कामात इतकी शांतता ऐकू आली
की आधी यंत्राची वायर तपासतात.
भाडं पगाराच्या पाऊणपट, ते वेगळंच.

रोंगाई स्वस्त. खोलीत बैल बांधता येईल एवढी जागा,
खिडकीत टेकड्या.
पण मटाटूत माझ्या सीटखालीच स्पीकर होता,
दीड तास त्याचा ढोल माझ्या बरगड्यांत वाजला.
उतरले तर कानात बारीक शिट्टी,
तीच, जिच्यासाठी लोक माझ्याकडे येतात.
जाऊन-येऊन रोजचे तीन तास.
मी हिशोब मांडला:
चाळिशीत काचेच्या खोलीत मीच बसलेली,
आणि बाहेरून कुणी पोरगी सांगतेय,
बोट वर करा.

पांगानीतली खोली मी पाहिलीच नाही.
जिन्यात कुणीतरी रडत होतं
आणि मुटिसो वर चढताना
उगाचच मोठमोठ्याने बोलू लागला.

उमोजा, तिसरा मजला.
पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी.
खाली वेल्डर फाटकं जोडतो,
समोर पत्र्याच्या शेडमध्ये चर्च,
त्यांच्या कीबोर्डची एक पट्टी मेलेली.
भिंतीवर टकटक केलं. पोकळ.
बांधणाऱ्याने सिमेंट खाल्लं होतं.
पलीकडे कुणी कांदा चिरत होतं,
सुरी बोथट, एवढंही कळत होतं.
नको म्हणायला वळले
तर उंबऱ्याला ठेच लागली,
आणि तोंडून आमच्या तैता भाषेतली अशी शिवी गेली
की आईने कानांवर हात ठेवले असते.

सुरी थांबली.
'पोले,' भिंतीपलीकडून एक बाई म्हणाली.

पोले. लागलं का, असं नाही. माफ कर, असंही नाही.
ठेच तुझी, पण मी इथे आहे,
एवढाच त्याचा अर्थ, आणि तोही मी आत्ता लावतेय.
मग सुरी पुन्हा चालू.

भिंतीला कान असतात हे ऐकून होते.
तोंड असलेली ही पहिलीच.
मुटिसोला म्हटलं, डिपॉझिट किती?

पाच महिने झाले.
रविवारी साडेपाचला ती मेलेली पट्टी
माझ्या झोपेत खड्डा पाडते
आणि मी किलेलेश्वाला मनापासून आठवते.
वेल्डरला कानात घालायचे बोळे दिले,
त्याने ते पोराला खेळायला दिले.
परवा मी रिझिकीची सुरी मागून नेली,
धार लावून परत आणली.
हिला कसं कळलं, म्हणून ती अजून माझ्याकडे
जरा तिरकीच बघते.

आई फोनवर दर वेळी विचारते,
वस्ती कशी आहे गं?
मी फोन खिडकीबाहेर धरते.
ऐकू आलं की सांग, म्हणते.
ती बराच वेळ काही बोलत नाही.
तिकडे तिने बोट वर केलं असेल
तर मला दिसायची काही सोय नाही.