सात जॅकेटं

कुही तालुक्याच्या नकाशात आमची टोली
अजून रस्त्याच्या कडेला आहे.
रस्ता पाण्याखाली आहे.

धरण भरलं त्या वर्षी साहेब लोकांनी
उतारावर लाल दगड रोवला,
म्हणाले, पाणी इथवर येईल, याच्या वर नाही.
पाणी शब्दाला जागलं.
नऊ घरं दगडाच्या वर, म्हणून कागदावर बुडीत नाहीत.
शिवार बुडालं त्याचे पैसे आले,
थोरलीच्या लग्नात आणि कौलांत जिरले.
पण वाटेचा मोबदला कोणाच्या नावानं काढायचा
हे विचारत बाबा तीन उन्हाळे सिव्हिल लाइन्सला गेला.
चौथ्या उन्हाळ्यात जाळं विणत बसला.

मी नागपुरात बोट चालवतो.
शहरातल्या तलावावर, बदकाच्या तोंडाची,
वीस मिनिटांचे ऐंशी रुपये.
पहिल्या दिवशी हसू आवरेना:
लोक पैसे देऊन पाण्यावर जातात
आणि निघाले तिथंच उतरतात.
आईला सांगितलं
(ती मोहाच्या झाडाखाली उभी, तिथंच रेंज येते)
तर म्हणाली, मंग पोचतेत कुठं?

टोलीत पोचणं हेच काम असतं.
तांदूळ पोचला का, गोळ्या पोचल्या का,
गुरुजी पोचले का, की वारा पाहून काठावरनंच फिरले.
मागच्या भादव्यात रमकला अर्ध्या पाण्यात बाळंत झाली,
केवलकाका वल्हं सोडून कंदील धरून बसला.
नर्सबाईंनी फॉर्म काढला.
जन्मठिकाण या रकान्याशी
त्यांचा पेन बराच वेळ थांबला होता.

एक गॉगलवाला येऊन गेला.
तंबू टाकू म्हणाला, सनसेट आहे तुमच्याकडं.
दुर्पताबाईनं विचारलं,
तो तं पयलेपासूनच हाये, तुमी नवीन काय आणता?
पोट्टे मात्र रात्रभर हिशेब करत राहिले:
तंबू किती, माणसं किती, झाडूचे किती.
मीही केला. खोटं कशाला बोलू.

दिवाळीला ठेकेदारानं नवी लाइफ जॅकेटं आणली,
जुनी भंगारात काढली. नारिंगी रंग उडालेली,
कुणाची चेन तुटलेली, कुणाचा फोम उंदरानं खाल्लेला.
त्यातली सात मी मागून घेतली.
एसटीत कंडक्टर म्हणाला, मंडपाचं सामान का बे?
मी हो म्हणालो.

शाळेत जाणारी पोरं पाच. पाच त्यांना.
घालून अशी चालली जशी वर्दीच मिळाली,
उतरवायला तयार नाहीत, जेवतानासुद्धा.
सहावं दुर्पताबाईला दिलं. तिनं हात मागं घेतला.
इले मी नदी होती तवापासून वळखतो, बाबू.
आता हे घालून गेली तं म्हणंल,
दुर्पताचा आपल्यावर भरोसा नाही राह्यला.
दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात तिची कोंबडी
अंड्यांवर बसलेली.

सातवं बाबानं न विचारता उचललं.
मला वाटलं डोंग्यात पाठीशी घेईल.
तो एकटाच निघाला, पाण्याच्या मधोमध गेला,
जिथं जुन्या विजेच्या खांबाचं हातभर टोक
अजून वर आहे.
तिथं रस्ता वळायचा.
कुहीकडं जायला डावीकडं, नदीकडं जायला सरळ,
आणि खांबाखाली पानठेला होता, मला धूसर आठवतो.
बाबानं डोंग्यात उभं राहून
जॅकेट खांबाला बांधलं, दोन गाठी,
ओढून पाहिलं, तिसरी मारली.
परत आला, काही बोलला नाही. आंबील प्याला.

सोमवारी पहाटे मी शहराकडं निघालो.
धुकं होतं. समोर तेवढंच दिसत होतं
फिकट नारिंगी, वाऱ्यानं जरा फुगलेलं,
कुणी छातीपर्यंत पाण्यात उभं असल्यासारखं.
मी डोंगा त्याच्या डावीकडून घातला,
रस्त्यावरून जातात तसा.