मागची फळी

तिनं काउंटरवर ट्यूब ठेवली
शेपटाकडून गुंडाळत आणलेली,
शेवटच्या वळशापर्यंत पिळलेली.
"हेच द्या जी आणखी. लाल डब्बीवालं."

शेवंता मसराम. भिवापूरकडच्या सातऱ्यावर
मिरचीचे देठ खुडते.
परकराच्या नाड्याखाली घाम मुरतो तिथं
दसऱ्याच्या आसपास
रुपयाएवढं गचकरण उठलं होतं.
पहिली ट्यूब मीच दिली.
चिठ्ठी विचारली नाही.
ती म्हणाली खाज, माझा हात फळीकडे गेला.
सुटे नव्हते म्हणून वर आवळा सुपारी दिली.

तीन दिवसांत खाज मेली.
आत बुरशी पाय पसरून निजली,
वरून कातडी शहाणी दिसली.
चौथ्या दिवशी तिनं लावणं सोडलं,
दहाव्या दिवशी कड्याबाहेर कडं,
मग त्याच्याही बाहेर.
मग नवऱ्याच्या जांघेत, मग सासूच्या काखेत.
घरात टॉवेल एक, ट्यूब एक.
प्रत्येक वेळी मी दुसरी दिली.

मला सुगंधाचं माहीत नव्हतं.
बारावीतली पोरगी. तिला कोणी सांगितलं,
तोंडाला लावलं की उजळते.
दोन महिने, रोज रात्री, आईच्या नकळत.
आता गालांवर लाल जाळं,
पाणी लागलं तरी झोंबतं.
"मिरचीचा हात लागला असन," आजी म्हणते.
पोरगी ऊन टाळत
माझ्या शटरच्या सावलीत उभी.

मी म्हटलं, "दवाखान्यात जा."
"काहून? तुमीच तं देता."

याला उत्तर नव्हतं.
तरी त्या गेल्या, दुपारच्या एसटीनं.
संध्याकाळी चिठ्ठी घेऊन आल्या.
चिठ्ठीमागं डॉक्टरीणबाईंचं अक्षर, माझ्यासाठी:
दुकानदार, आधी काय दिलं होतं? किती दिवस?

मी पेन उघडलं.
नाव लिहिलं. कंपनी लिहिली.
किती ट्यूब, तिथं थांबलो,
मग सात लिहिलं.
खाली सही केली, कोणी मागितली नव्हती तरी.

नवं मलम पांढऱ्या डब्बीतलं.
मी काउंटरवर बोट धरून दाखवलं:
टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एवढंच,
तेवढं दोन तळव्यांच्या जागेला पुरतं.
कड्याच्या बाहेरही दोन बोटं लावायचं.
खाज गेली तरी सोडायचं नाही,
बाईंनी लिहिलंय तेवढे आठवडे.
कपडे गरम पाण्यात, उलटे करून उन्हात.
ज्याचा टॉवेल त्याचा.
आणि सुगंधा, तुझं वेगळं आहे बाई,
हे पांढरंही तुझं नाही.
बंद केल्यावर आधी जास्त पेटेल तोंड,
तेव्हा घाबरून लालकडे जाऊ नको,
बाईंकडे जा.

ती काही बोलली नाही.
ओढणी नाकावर घेतली आणि गेली.

आता मी आधी विचारतो:
कुठं आहे, कधीपासून, आधी काय लावलं?
लोक चिडतात. "डॉक्टर झाले का तुमी?"
समोर तुळशीदासचं दुकान आहे,
तो काही विचारत नाही.
त्याचा गल्ला वाजतो ते इकडे ऐकू येतं.

माझ्या मागच्या फळीवर
अजून अकरा लाल डब्ब्या.
एक्स्पायरी पुढच्या मार्चची.
एजंट परत घेत नाही.
झाडताना दर शनिवारी मोजतो.
अकरा.